पायाळूची पाठ

माझे अप्पा बिदर जिल्ह्यातल्या भालकीच्या अडत बाजारात पोती वाहायचे. तुरीचा हंगाम असला की सकाळी गेलेले दिवे लागल्यावर घरी यायचे. आले की चहा नाही, पाणी नाही, आधी ओसरीवर पालथे पडायचे. मग मला हाक यायची, "ये गं पायाळू. लाव पाय."

मी जन्मले ती पायाकडून. अशा लेकराला पायाळू म्हणतात, आणि त्याचा पाय पाठीला लागला की धरलेली कंबर सुटते असं मानतात, हे बहुतेकांना माहीत असेल. मी अप्पांच्या कमरेवर उजवा पाय ठेवून हलकं दाबायची. ते डोळे मिटून म्हणायचे, "गेली बघ. पार गेली." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा पालथे.

घर पत्र्याचं, एका खोलीचं. माय उसात खुरपायला जायची. आम्ही बौद्ध, गावाच्या खालच्या अंगाला राहणारे. वरच्या गल्लीतली माणसं आमच्याकडे यायची नाहीत, आमच्या माठातलं पाणी प्यायची नाहीत. पण कंबर धरली की तीच माणसं तांबडं फुटताना तोंडावर रुमाल ओढून यायची, आमच्या अंगणात पालथी पडायची, आणि मी परकर खोचून त्यांच्या पाठीवर पाय ठेवायची. उठल्यावर माय पाणी विचारायची. "नको, आत्ताच पिऊन निघालो," म्हणत ती निघून जायची. माय त्यांच्याकडे बघत हसायची. "पाणी बाटतंय यांचं. पाय न्हाई बाटत."

विहारात आम्हाला अंधश्रद्धा सोडा म्हणून सांगायचे. सांगणारे गुरुजीही एकदा वंदना झाल्यावर कमरेला हात लावून माझ्याकडे आले होते.

अप्पांची पाठ हळूहळू वाकत गेली. शेवटी शेवटी समोरच्या माणसाचं तोंड बघायचं तर त्यांना गुडघ्यात वाकून सगळं अंग मागे टाकावं लागायचं. पोत्यांनी वाकवली, असं आम्ही म्हणायचो. बाजारातले लोकही तेच म्हणायचे. मी कॉलेजात असताना ते छातीच्या दुखण्यानं गेले.

मी शिकले. बिदरला राहून बी.एस्सी. केलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात, गोळ्या तपासण्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. बिदरमध्ये एका चाचींच्या घरात वरची खोली भाड्यानं घेतली. दार लावलं की आवाज करणारं कुणी नाही. आधी त्याचंच अप्रूप वाटलं.

दुखणं कसं सुरू झालं ते नीट सांगते, कारण हे वाचताना तुमचीही कंबर धरलेली असेल तर तुमच्या कामाचं तेवढंच आहे.

पहाटे जाग यायची ती कंबर आखडल्यामुळे. कुशीवर वळायचं तर खाटेची कड धरून वळावं लागे. उठल्यावर चप्पल घालायला वाकता येत नसे. पाऊणएक तास गेला, अंघोळ झाली, बसस्टँडपर्यंत चालले, की अंग मोकळं व्हायचं. दुपारी उभं राहून काम करताना फारसं दुखायचं नाही. रविवारी पडून राहिले की सोमवारी जास्त. कष्टाच्या दुखण्याचं उलटं असतं. ते कामानं वाढतं आणि पडलं की कमी होतं. हा फरक माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. तुमच्या लक्षात आला तर थांबू नका.

मी कुणाला बोलले नाही. गावाकडे गेले की अजूनही एकदोन बाया पाठ घेऊन यायच्या. मायला त्यात मान वाटायचा. पायाळूचीच पाठ धरली म्हटल्यावर गाव हसलं असतं, आणि हसू मायच्या वाट्याला आलं असतं.

पण मायपासून काय लपतं? एका सुट्टीत मी अंथरुणातून उठताना तिनं बघितलं. मी आधी कुशीवर झाले, मग हाताचा टेकू दिला, मग भिंत धरली.

"म्हातारीवानी कामून उठायलीस?"

"काय न्हाई. पाय झोपलाय."

"मी तुला जन्म दिलाय का तू मला?" ती म्हणाली आणि पुढं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मला घेऊन मन्नाएखेळ्ळीला निघाली. तिथं एक पायाळू आजोबा होते. आपला पाय आपल्याच पाठीला लागत नाही, म्हणून दुसरा पायाळू शोधलेला.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. तरी गेले. दुखत असलेला माणूस कुठंही जातो, हे मला अंगणातल्या पालथ्या माणसांकडे बघून आधीच कळायला हवं होतं.

आजोबांनी माझं ऐकून घेतलं आणि हसले. "पोरी, तुझा पाय तू गावाला वाटून टाकलीस. तुला उरलाच न्हाई." मग मला पालथं झोपवलं आणि सगळा भार टाकून कमरेवर उभे राहिले. आत काहीतरी कडकन वाजलं. माय ओरडली, "सुटली!" आजोबाही म्हणाले, सुटली. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती, मीही हो म्हणाले.

त्यानंतर मी रजा टाकून गावाकडे पडून राहिले. सगळे सांगत होते, आराम कर, फळीवर झोप, हलू नको. मी हलले नाही. जितकी पडले तितकी आखडले. मानही अर्धीच वळायला लागली.

बिदरला परतल्यावर एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक्स-रे बघितला. "काही नाहीये. कॅल्शियम कमी आहे. लग्न झालं की सगळं ठीक होतं." कॅल्शियमच्या गोळ्या कशा तपासतात ते मी रोज करते. ते मी त्यांना सांगितलं नाही. गोळ्या मात्र संपेपर्यंत घेतल्या.

मग एका सकाळी उजवा डोळा लाल झाला. उजेड सहन होईना. डोळे आले असतील म्हणून चाचींनी मला खोलीच्या दारातूनच चहा दिला. दोन दिवसांनी नजर धूसर झाली तेव्हा घाबरून डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या बाई डॉक्टरांनी यंत्रातून बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "हे डोळे येणं नाही. युव्हिआयटिस आहे." म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराला सूज. थेंब लिहून देता देता त्यांनी अचानक विचारलं, "सकाळी कंबर आखडते का तुमची?"

डोळ्याच्या डॉक्टरांना कमरेचं काय माहीत?

"चाललं की बरं वाटतं? पडलं की वाढतं?"

"हो."

"किती दिवसांपासून?"

"वर्षं झाली."

त्या लिहायच्या थांबल्या. "कलबुर्गीला सांध्यांचे डॉक्टर बसतात. रुमॅटॉलॉजिस्ट. याच आठवड्यात जा. डोळा मी बघते, पण मूळ तिकडं आहे."

कलबुर्गीच्या त्या मोठ्या दवाखान्यात प्रत्येक खिडकीवर मला एकच प्रश्न विचारला गेला. जोडीला कोण आहे? केसपेपर काढताना, रक्त देताना, पैसे भरताना. कानडीत विचारला, दखनीत विचारला. कुणी नाही म्हटलं की खिडकीतला माणूस मान वर करून बघायचा. बाकड्यांवर माणसं घोळक्यानं बसलेली. एका पेशंटमागे चार जण, भाकरीचं फडकं, पाण्याची बाटली. माझ्या शेजारची जागा मात्र रिकामी. तिथं मी माझी पिशवी ठेवली होती.

एमआरआय करायचा होता. मोठ्या चुंबकाच्या नळीत घालून शरीराच्या आतलं चित्र घेतात. अंगावर धातू चालत नाही. तंत्रज्ञ म्हणाला, कानातलं, फोन, पैसे जोडीच्या माणसाकडे द्या. मी तशीच उभी राहिले. तेव्हा बाकड्यावरची एक बाई म्हणाली, "दे हिकडं."

मी कचरले. ती हसली. "मी कुटं पळून जायलाव व्हय? माझा माणूस आत पडलाय, त्याला टाकून तुझं कानातलं घेऊन जाऊ?"

तिनं माझी कानातली फुलं पदराच्या टोकाला बांधली आणि फोन मांडीवर धरून बसली. आत त्या नळीत ठोकल्यासारखे आवाज येत होते. मला भीती फक्त एकाच गोष्टीची वाटली, की बाहेर आल्यावर ती बाई नसेल. फुलांसाठी नाही. माझी वाट बघत असलेलं त्या दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

ती होती. फुलं सोडून देत म्हणाली, "तुझा फोन एकदा बी वाजला न्हाई गं."

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी मला समोर बसवलं. साठीचे, सावकाश बोलणारे. म्हणाले, "अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस." मग कागदावर माकडहाडाच्या वरचे, दोन्ही बाजूंचे सांधे काढून दाखवले. कणा जिथं कमरेच्या हाडाला जोडलेला असतो तिथं सूज येते. शरीराची रोगाशी लढणारी शक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर उठते. सूज वर वर सरकत जाते, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर काहींचे मणके एकमेकांना जोडले जाऊन पाठ एका काठीसारखी होते. सरळ काठी नव्हे, वाकलेली. रक्ताची एक तपासणीही केली होती, एचएलए बी ट्वेंटीसेव्हन. ती पॉझिटिव्ह आली. ती आली म्हणजे आजार आहेच असं नसतं, पण ही गोष्ट घराण्यातून येऊ शकते, असं त्यांनी सांगितलं.

"घरात कुणाची पाठ अशी होती?"

मी म्हणाले, "नाही." मग म्हणाले, "अप्पांची वाकली होती. पण ती पोत्यांनी."

"मान वळायची त्यांची?"

नव्हती वळत. हाक मारली की ते सगळ्या अंगानं वळायचे.

"डोळे लाल व्हायचे?"

व्हायचे. आम्ही म्हणायचो मिरचीच्या पोत्यांची धूळ.

डॉक्टर म्हणाले, "आता नक्की सांगता येणार नाही. ते नाहीत, तपासणी नाही. पण असू शकतं."

मी बाहेर येऊन बाकड्यावर बसले. आयुष्यभर मी सांगत आले होते की माझ्या बापाला पोत्यांनी वाकवलं. त्या एका वाक्यावर मी कॉलेज केलं होतं, वसतिगृहात दिवस काढले होते, मुलाखतीत मान वर करून बोलले होते. आणि आता कळत होतं की पोत्याखाली अजून काहीतरी होतं, आणि ते माझ्याही आत आहे. हे सांगावं असं कुणीच त्या बाकड्यावर नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या, सूज कमी करणाऱ्या. पण डॉक्टरांचं एक वाक्य मी धरून ठेवलं. "गोळी सूज कमी करेल. पाठ सरळ ठेवायचं काम तुमचं. रोज. बरं वाटलं तरी."

व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट कानडी बोलणारे होते. ते सारखं म्हणायचे, "निधान, निधान." म्हणजे सावकाश. आजोबांनी जे एका दणक्यात केलं होतं, ते इथं श्वासाच्या चालीनं करायचं होतं. झटका बिलकुल नाही. ताण जाणवला की थांबायचं, तिथंच राहायचं, दीर्घ श्वास सोडायचा, मग अंग आपोआप थोडं पुढं जाऊ देतं. कळ आली तर मागं यायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा टेकल्या, कुल्ले टेकले, खांदे जेमतेम. डोकं टेकेना. मी जोर लावला तर हनुवटी वर गेली. त्यांनी माझं डोकं आणि भिंत यांच्या मधल्या फटीत हात घातला. सहज गेला. मी तिशीच्या आसपासची होते, आणि तो हात आत जाताना मला अप्पा दिसले.

मी काय करते ते सांगते. अवघड काही नाही. आधी गरम पाण्यानं अंघोळ, नाहीतर खोलीतल्या खोलीत थोडं चालणं. मग चटईवर पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीशी आणते. दोन्ही गुडघे वाकवून जोडीनं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला सोडते. हातापायांवर होऊन पाठ आधी वर फुगवते, मग खाली सोडते, मांजर आळस देतं तशी. पालथी होऊन काही वेळ नुसती पडते, कोपरांवर छाती उचलते. पाठीवर झोपून लांब ओढणी तळव्यात अडकवते आणि पाय सरळ वर नेते, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू ताणला जातो. दाराच्या चौकटीवर दोन्ही हात ठेवून एक पाऊल पुढं टाकते, छाती उघडते. या आजारात बरगड्याही आखडतात, म्हणून फुगा फुगवल्यासारखे मोठे श्वास घेते. शेवटी भिंत. यातलं काहीही सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. माझी पाठ माझी आहे, तुमची तुमची.

अवघड आहे ते रोज करणं. आजारी माणसाजवळ लोक चार दिवस बसतात. रोजच्या व्यायामाजवळ कुणी बसत नाही. मी एकटीच जमिनीवर पडून छताकडे बघत श्वास सोडत असे. कित्येक सकाळी व्यायामाआधी रडून घेतलं आणि मग केला. भिंतीला डोकं टेकवायचा प्रयत्न करताना तोंडातून "अजून, अजून" असं निघायचं. चाचींनी एकदा जिन्यावर गाठलं. "क्या गे बेटी, रोज सुबू दीवार से क्या बाताँ कर रई तू?"

मी म्हणाले, "तीच ऐकती चाची."

त्या हसल्या नाहीत. रोज सकाळी खालून त्यांच्या बादलीचा आवाज यायचा, त्या दिवसापासून ती वाजली नाही. मला आवाज नको असेल असं त्यांना वाटलं असावं. उलट होतं, पण सांगायचं राहिलं.

कारखान्यात मी मधल्या सुट्टीत व्हरांड्यातल्या भिंतीला टेकून उभी राहायची. पोरी म्हणायच्या, "भिंत पडायली का अक्का, धरून उभारलीस?" मी म्हणायची, "व्हय. मी सोडली की कारखाना बसतोय." त्या निघून जायच्या. स्थळं येत होती, तीही आजाराचं नाव सांगितल्यावर येईनाशी झाली. मी लपवलं नाही. आता पाठीबद्दल लपवायचं नाही, असं ठरवलं होतं.

ते ठरवणं गावाकडे महागात पडलं. सुट्टीत मी ओसरीवर व्यायाम करत होते, तेव्हा वरच्या गल्लीतल्या सुमनबाई कंबर धरून आल्या. किराणा दुकानवाल्यांच्या घरातल्या. लहानपणापासून मी त्यांच्या पाठीला पाय लावत आलेली. त्या ओसरीखाली पालथ्या पडू लागल्या.

मी म्हणाले, "काकू, पाय लावून काही होत न्हाई. तुम्ही दवाखान्यात दाखवा. मीच औषध घ्यायलाव."

त्या अर्ध्या वाकलेल्याच थांबल्या. "शिकलीस तसं पायाला मोल आलं व्हय गं?"

"तसं न्हाई काकू."

"मंग लाव की."

मी लावला नाही. त्या कमरेला हात लावून, मायनं पाणी विचारायच्या आधीच निघून गेल्या. त्यानंतर वरच्या गल्लीतून कुणी आलं नाही. मायचं अंगण रिकामं झालं.

माय माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या पायापायी तेवढी दाराशी येत व्हती लोकं."

"ठाऊक हाय, माय."

बराच वेळ तिनं भाकरी उलटली नाही. "तुझ्या अप्पाला बी हेच व्हतं व्हय?"

"डॉक्टर म्हणले, नक्की सांगता येत न्हाई."

"त्यो तर रोज गेली म्हणायचा."

"हाव."

"मला न्हाई कधी म्हणला गेली म्हणून. मला म्हणायचा, लई दुखायलंय." तिनं करपलेली भाकरी बाजूला ठेवली. "तुला बरं वाटावं म्हणून म्हणायचा त्यो."

मी चुलीपासून उठले आणि बाहेर जाऊन बसले. मला ते कधीच सुचलं नव्हतं.

याला आता तीनेक वर्षं झाली. मध्ये एकदा डोळा पुन्हा लाल झाला, थेंबांनी बरा झाला. हिवाळ्यात आखडणं वाढतं. गोळ्या एकदा बदलल्या. सहा महिन्यांनी कलबुर्गीला जाते, एकटीच. जोडीला कोण म्हणून विचारलं की "मीच" म्हणते, आणि खिडकीतला माणूस शिक्का मारतो. माय गुडघ्यांमुळे येऊ शकत नाही. फोनवर रोज विचारते, "केलीस का?" हो म्हटलं की ठेवून देते.

हे वाचणाऱ्यात कुणी माझ्यासारखं सकाळी खाटेची कड धरून उठत असेल, तर लाजेपायी बसून राहू नका. आणि विश्रांती घे म्हणणाऱ्या प्रत्येकाचं ऐकू नका. या आजारात एकटं वाटणार. ते कमी होईल असं मी सांगणार नाही, माझं झालेलं नाही. पण एकटीनं करता येतं, एवढं मी करून बघितलं आहे.

डोळ्याच्या त्या बाईंचे, कलबुर्गीच्या डॉक्टरांचे आणि माझी फुलं पदरात बांधून बसलेल्या त्या बाईंचे मी आभार मानते. तिचं नावही मी विचारलं नाही.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी मला भिंतीशी उभं केलं, मग वाकायला लावलं, मग छातीभोवती टेप धरून श्वास घ्यायला लावला. नवा एक्स-रे जुन्या एक्स-रेशेजारी ठेवून बघितला. म्हणाले, "आजार पुढं सरकलेला नाही. इथंच थांबलाय."

आजार गेलेला नाही. जाणारही नाही. माझं डोकं भिंतीला टेकतं, मान दोन्ही बाजूंना वळते, आणि मी सरळ उभी राहून माझी नोकरी करते.